तिघांत एक खोली: जळगावात शिकायला येणाऱ्यांसाठी

निकाल लागला की चोपडा, रावेर, पारोळा, शहाद्याकडची पोरं एकाच आठवड्यात जळगावात उतरतात आणि कॉलेजजवळची बरी खोली दोन दिवसांत जाते. घाई असली तरी खोली दुपारी दोन ते चारच्या दरम्यानच बघा. वर पत्रा आहे की स्लॅब, स्लॅबवर आणखी मजला आहे की थेट गच्ची, पश्चिमेची भिंत किती तापते, हे सकाळी दहाला कळत नाही. मे महिन्यात इथं पारा ४३-४५ अंशांवर जातो. गच्चीखालची खोली महिन्याला दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाली, तर ते दोनशे उन्हाळ्यात कूलर खातो.

मालकाला तीन गोष्टी आधीच विचारा. मीटर स्वतंत्र आहे की सबमीटर, म्हणजे मालकाच्याच मीटरखाली बसवलेलं? पाणी किती दिवसांआड येतं? पाहुणा मुक्कामी चालतो का? सबमीटर असेल तर युनिटचा भाव ठरवून घ्या आणि पहिल्याच दिवशी रीडिंगचा फोटो काढा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. म्हणून स्वतंत्र मीटर असेल तर कूलर सुरू झाल्यावर बिल दुपटीपेक्षा जास्त फुगलेलं दिसतं. त्यात मालकाची लबाडी असतेच असं नाही.

करार लेखी करा. ११ महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी लागते आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. स्वाधार किंवा स्वयं योजनेचा (वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारी योजना) अर्ज करणार असाल तर भाड्याने राहत असल्याचे कागद हाताशी असू द्या. डिपॉझिट कोणी किती भरलं ते करारामागच्या कोऱ्या पानावर लिहून तिघांनी सह्या करा. भिंतीची ओल, फुटलेली फरशी, गळका नळ यांचे फोटो सामान लावायच्या आधी काढा.

हिशेबाची वही

खोलीतली बहुतेक भांडणं स्वभावावरून झाली असं वाटतं, पण मुळाशी न बोललेला हिशेब असतो. वीस रुपयांचं दूध तीनदा एकानेच आणलं की चौथ्यांदा तो दुधाबद्दल बोलत नाही, मोरीत पडलेल्या केसांबद्दल बोलतो.

खर्चाचे दोन भाग करा. भाडं, इंटरनेट आणि कूलरची वीज सरळ तिघांत. कोणी दहा दिवस गावी गेला तरी त्याचा हिस्सा कमी होत नाही, कारण खोली त्याच्यासाठी अडवलेली असते. किराणा, भाजी, गॅस, दूध मात्र हजेरीवर. भिंतीवर कॅलेंडर लावायचं आणि जो जेवला त्याने त्या दिवसावर आपली खूण करायची. दोन वेळा जेवला तर दोन खुणा.

महिनाअखेर खाण्याचा खर्च ४३२० रुपये झाला आणि हजेऱ्या ५०, ४२ व २८ अशा निघाल्या, तर एकूण हजेऱ्या १२०. म्हणजे एका जेवणाचे ३६ रुपये. पहिल्याचे १८००, दुसऱ्याचे १५१२, तिसऱ्याचे १००८. ज्याने सामान आणताना जितके भरले तितके त्याच्या रकमेतून वजा करा. हे काम पाच तारखेच्या आत झालं पाहिजे, नाहीतर चिठ्ठ्या हरवतात आणि आठवणी प्रत्येकाच्या सोयीच्या होतात.

पाहुण्यांचं काय? जळगावातली खोली म्हणजे निम्म्या गावाचा मुक्काम. दवाखान्याला आलेले काका, तारखेला आलेले मामा, पोलीस भरतीच्या ग्राउंडला आलेला चुलतभाऊ. नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. ज्याचा पाहुणा, त्याच्या नावावर हजेरी, एवढं ठरलं की पाहुण्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर आधी विचारायचं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणाचाच पाहुणा नको.

पाणी आणि कूलर

या दोन्हींचा हिशेब एकत्रच करावा लागतो. अंघोळ, संडास, कपडे मिळून माणशी रोज साधारण ४५ लिटर धरा. तिघांचे १३५, भांड्यांना आणि फरशीला २५, म्हणजे १६०. कूलर रात्रभर चालला तर आणखी ४०. झाले २००. पाणी तीन दिवसांआड येत असेल तर ६०० लिटर साठा हवा, आणि बहुतेक खोल्यांत २०० लिटरचा एकच ड्रम असतो! मार्चपर्यंत गच्चीच्या टाकीच्या आधाराने कसंबसं भागतं, एप्रिलमध्ये कूलर लागला की तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रम कोरडा पडतो आणि शेवटची बादली कोणी घेतली यावरून जुंपते. मार्चमध्येच दुसरा ड्रम आणा, आणि गच्चीच्या टाकीतलं तुमच्या वाट्याला किती येतं ते मालकाकडून पक्कं करा. ड्रमला झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून आतून घासायला हवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

कूलर खिडकीत बसवा, पाठ बाहेर, तोंड आत. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत यायला हवी आणि खोलीतली दमट हवा निघून जायला समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी हवी. खोली बंद करून कूलर मध्ये ठेवला तर तासाभरात अंग चिकट होतं आणि सगळे कूलरला नावं ठेवतात. जूनअखेर पाऊस लागला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. हवेतच ओल असताना तो गार करू शकत नाही.

पंपासह मध्यम कूलर १५० ते २०० वॅट घेतो. दहा तास चालला तर दीड ते दोन युनिट, महिन्याला ४५ ते ६०. गवताच्या ताट्या दरवर्षी मार्चमध्ये नव्या घाला. बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार गवतावर पांढरे थर धरतात, पंपाची जाळी बुजते आणि पाणी एकाच बाजूने झिरपतं. पंधरा दिवसांनी जाळी जुन्या ब्रशने घासा. टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण काढून टाका. मासळीसारखा वास येतो तो शिळ्या पाण्याचा, कूलरचा नाही.

पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे. बटण बंद करून भागत नाही. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला दोन पिनांचा बोर्ड, यात दरवर्षी माणसं दगावतात. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग नसेल तर वायरमन बोलावून ते करून घेईपर्यंत कूलर लावू नका. या एका बाबतीत काटकसर नको.

कूलरसमोरची जागा आठवड्याने बदला. सोमवारी गाद्या सरकल्या की विषय संपला.

रांधणं

पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर ५ किलोचा सिलिंडर मिळतो. तिघांचं दोन वेळचं केलं तर साधारण अडीच-तीन आठवडे जातो. मोठ्या टाकीतून छोट्यात गॅस भरून देणाऱ्यांकडे जाऊ नका. तिथं वजनही कमी भरतं आणि वॉशर निकामी होऊन गळती लागते.

रात्रीची खिचडी आधी जमली पाहिजे. तिघांना दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी तूरडाळ, दोन्ही धुऊन पंधरा मिनिटं भिजत. कुकरमध्ये दोन चमचे तेल, मोहरी-जिरं, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट, मीठ. परतून सहा वाट्या पाणी, तीन-चार शिट्ट्या. वाटी दीडशे मिलीची धरली तर तीन लिटरचा कुकर यात निम्म्याच्या जरा खालीच राहतो आणि तेवढाच राहिला पाहिजे. दोन मित्र ऐनवेळी आले म्हणून प्रमाण दुप्पट केलं, की शिट्टीतून पिवळं पाणी भिंतभर उडतं आणि तळाला लागतं ते वेगळंच. दोनदा लावा. वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, भाजलेला पापड आणि घरून आलेलं लोणचं असेल तर मेसची आठवण कोणाला येत नाही.

दादर जातीची ज्वारी घरून पोत्याने आणली तरी दळून आठ दिवसांपुरतीच ठेवा. तिघांना दोन-तीन किलो पुरे. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. तसं झालंच तर उकळत्या पाण्यात मळा. हिवाळ्यात भरताची हिरवी वांगी मिळाली तर गॅसवर भाजण्याआधी सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून घ्या. न टोचलेलं वांगं आत वाफ कोंडून फुटतं.

भांड्यांचा नियम एकच: आपलं ताट आपण जेवल्या जेवल्या घासायचं, आणि ज्याने रांधलं त्याने कुकर-कढई घासायची नाही.

तरी भांडण झालंच तर

रात्री अकरानंतर विषय काढू नका. रविवारी सकाळी चहाला काढा, तिघेही असताना. “तू कायमच असं करतो” या वाक्याला उत्तर नसतं. “भो, मंगळवारी आणि गुरुवारी कुकर तसाच पडला होता” याला असतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणा टाकू नका, कारण तो संध्याकाळपर्यंत दोन्ही घरच्या आयांपर्यंत पोचतो आणि मग भांडण तुमचं राहत नाही. एक अहिराणी बोलतो, दुसरा लेवा बोलीत, तिसरा पुस्तकी मराठीत. नक्कल पहिल्या आठवड्यात गंमत असते, तिसऱ्या महिन्यात ती बोचते.

एकाला पहाटे चारला उठायचंय आणि दुसरा रात्री दोनपर्यंत वाचतो, ही अडचण खरी आहे, ती समजुतीने सुटत नाही. टेबल लॅम्प आणा, मोठा दिवा अकराला बंद करा, गजर उशाखाली व्हायब्रेटवर ठेवा.

इतिहासाचा प्रकल्प

एकाच खोलीतली दोघं एकाच वर्गात असली की एकच प्रकल्प दोन अक्षरांत जमा होतो आणि सरांना पहिल्या पानावरच कळतं. विषय एक असला तरी चालेल, प्रश्न वेगळे घ्या.

समजा विषय आहे फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन. डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, ग्रामीण भागात भरलेलं पहिलं अधिवेशन. एवढं सगळेच लिहितात. त्याऐवजी एकाने विचारावं: शहर सोडून गाव का निवडलं? यात गांधीजींचा ग्रामोद्योगाचा आग्रह येतो, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केलेली सजावट येते. दुसऱ्याने विचारावं: एवढी माणसं तिथं पोचली कशी, खाल्लं काय, पाणी कुठून आलं? यासाठी नकाशा काढावा लागतो. भुसावळ जंक्शन, भुसावळ-खंडवा मार्गावरचं सावदा स्टेशन, तिथून फैजपूर. नकाशा हाताने काढा, उत्तर दिशेची खूण आणि मोजपट्टी विसरू नका. छापील नकाशा चिकटवला की गुण जातात ते इथंच.

जुनी पुस्तकं चाळताना पोरं अडतात ती नावांवर. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे-नंदुरबार. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे १९४२ च्या कागदांत “नंदुरबार जिल्हा” शोधलात तर काहीच सापडणार नाही. नंदुरबारचा बालहुतात्मा शिरीषकुमार आणि ९ सप्टेंबर १९४२ चा गोळीबार पश्चिम खान्देशाखाली शोधा. इंग्रजी साधनांत धुळ्याचं स्पेलिंग ‘धुलिया’ असतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खान्देश खंड १८८० चा आहे, म्हणजे तो विसाव्या शतकाबद्दल काही सांगू शकत नाही. पिकं, बाजार, किल्ले, रस्ते यांसाठी मात्र उत्तम. मूळ कागद बघायचे असतील तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाता येतं. जाताना कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र न्या.

आजोबांची मुलाखत घ्यायची तर त्यांचं वय आणि घटनेचं वर्ष आधी जुळवा. १९३६ पाहिलेलं माणूस आता जवळपास मिळत नाही. जे मिळतं ते “वडील सांगायचे” या जातीचं, आणि प्रकल्पात ते तसंच नोंदवा. १९७२ चा दुष्काळ पाहिलेले मात्र प्रत्येक गल्लीत आहेत. “तेव्हा कसं होतं?” असं विचारलंत तर “लई हाल होते” एवढंच मिळेल. “रोजगाराच्या कामावर कुठं जायचे? मजुरी किती? सुकडी कशात आणायचे? मिलोची भाकरी कशी लागायची?” असं विचारा. (सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी.) फोनवर रेकॉर्ड करा, सुरुवातीला त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात घ्या, आणि त्याच रात्री उतरवून काढा. आठवड्याने ऐकलं तर पंख्याच्या घरघरीत निम्मे शब्द लागत नाहीत. आजोबांचं सांगणं आणि पुस्तकातलं वर्ष जुळलं नाही तर दोन्ही लिहा, खोडू नका. त्या विसंगतीवरचा परिच्छेदच तोंडी परीक्षेत कामाला येतो.

खोली सोडताना

कोणी मध्येच सोडून चालला तर त्याने एक महिना आधी सांगावं किंवा बदली माणूस आणावा, आणि डिपॉझिटचा त्याचा हिस्सा येणाऱ्याकडून घ्यावा, मालकाकडून नाही. मे अखेर कूलरचं काय करायचं ते ठरवा. ४५०० ला घेतलेला कूलर एका हंगामानंतर ३००० चा धरला, तर मागे राहणाऱ्याने जाणाऱ्या दोघांना हजार-हजार द्यावेत. ताट्या फेकून द्या, टाकी पुसून दोन दिवस उन्हात उलटी ठेवा, पंप कोरडा करून वेगळ्या पिशवीत बांधा. सबमीटरचं शेवटचं रीडिंग मालकाच्या समोर घ्या आणि डिपॉझिट हातात पडल्यावरच चावी द्या.