अपूर्णांकांची समीकरणं: चूक कुठे झाली ते ताळ्याला विचारा

आठवी-नववीच्या मुलांना बीजगणित शिकवताना हमखास दिसतं: पक्षांतर जमतं, कंस सुटतात, पण समीकरणात अपूर्णांक आला की पेन थांबतं. मग शेजारचा सांगतो, "तिरकस गुणाकार कर." दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तर तो चालतो. पदं जास्त असली की सरळ छेदांचा लसावि काढावा आणि प्रत्येक पदाला त्याने गुणावं.

(२क्ष + १)/३ − (क्ष − २)/४ = ५

लसावि १२.

४(२क्ष + १) − ३(क्ष − २) = ६०
८क्ष + ४ − ३क्ष + ६ = ६०
५क्ष = ५०, म्हणून क्ष = १०

घोटाळा बहुतेक वेळा दोनच जागी होतो. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचंही काम करते, त्यामुळे छेद गेला तरी अंशाला कंस घालायचाच. तो गाळला की +६ च्या जागी −६ येतात आणि उत्तर ६२/५. दुसरी जागा उजवीकडचा ५. त्याला छेद दिसत नाही, म्हणून १२ ने गुणायचा राहतो आणि क्ष = −१ येतो.

ताळा जुळला नाही की मुलं अख्खं गणित खोडतात. कशाला? −१ ठेवून डावी बाजू काढा, ५/१२ येते. हवे होते ५, म्हणजे १२ ने गुणायचं कुठे राहिलं ते समोरच आलं. ६२/५ ठेवलं तर ६ येतात, एक जास्त. +६ आणि −६ यांतला फरक १२. त्याला १२ ने भागलं की तोच एक. चिन्ह तपासा, बाकीच्या पायऱ्यांना हात लावू नका.

हो, छेद घालवायची मुभा फक्त समीकरणात. 'सरळ रूप द्या' म्हटलं असेल तर छेद ठेवावाच लागतो. तिथे बरोबरच्या चिन्हापलीकडे गुणायला दुसरी बाजूच नसते.

सरावाला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं (इ.स. ११५०) भुंग्यांचं गणित घ्या. थव्यातले १/५ कदंबावर गेले, १/३ शिलींध्रावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक उरला.

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

उत्तर १५. शेवटचा १ गुणायचा विसरलात तर थव्यात एकच भुंगा निघतो, आणि त्याचा पाचवा हिस्सा कदंबावर पाठवावा लागतो!