नोकरी सोडून धंदा करायचाय? आधी १ तारखेची सवय मोडा

महिन्याला दोनतीन जणांचे तरी फोन येतात मला, बहुतेक जुन्या ऑफिसातले नाहीतर ट्रेनच्या ग्रुपमधले, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, नोकरी सोडायचीय पण डेरिंग होत नाही यार, तू कशी केलीस. आता खरं सांगू का, मी डेरिंगबाज वगैरे अजिबात नाही. भांडुपला राहतो, अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला ११ वर्षं काढली, होम लोनचा हप्ता एक दिवस पुढे गेला तरी रात्रभर जागा असायचो. २०१६ ला नोकरी सोडली, तेव्हापासून सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या साफ करायची कामं घेतो, आता चार पोरं आहेत हाताखाली. पण सोडायच्या आधी दीड वर्ष मी त्याच खुर्चीत बसून, तोच पगार घेत, धंद्याच्या सवयी लावून घेत होतो. ते कसं केलं तेवढं लिहितो, घ्यायचं ते घ्या.

पहिला प्रयोग फुकटातला आहे. पगार आला की त्याच दिवशी सगळाच्या सगळा बायकोच्या खात्यात टाका (नवऱ्याच्या, आईच्या, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या) आणि सांगा की घरखर्चाचे पैसे मला तुझ्या मनाला येईल त्या तारखेला दे, कधी ५ ला दे, कधी २२ ला, एखाद्या महिन्यात अर्धेच दे, आणि मी कितीही विचारलं तरी तारीख सांगू नको. हप्ता तेवढा तिच्याकडूनच जाऊ दे. आमच्या हिनं पहिल्याच महिन्यात १९ तारीख उजाडवली. त्या १८ दिवसांत मी काय काय केलं ऐका, ८ तारखेपासून चिडचिड सुरू, १२ ला ऑफिसातल्या एकाकडे हजार रुपये मागितले, १५ ला पोराच्या शाळेच्या बुटांवरून घरात मोठ्ठं भांडण. आणि पैसे कुठे होते, तर घरातच, पलंगावर माझ्या बाजूला झोपलेल्या माणसाच्या खात्यात. तेव्हा मला कळलं की मला पैशाची नाही, तारखेची सवय लागलीय.

दुसऱ्या महिन्यात जरा बरं गेलं, तिसऱ्या महिन्यात आपोआप फरक पडायला लागला, लोकलचा पास एकदम तीन महिन्यांचा काढला, किराणा हातात पैसे असतील तेव्हाच जास्तीचा भरला, स्विगी बंद. चार महिने करा हे. चौथ्या महिन्यातही छातीत धडधडत असेल तर थांबा अजून, धंदा कुठे पळून जात नाही.

आपल्या घरांमध्ये ही भीती कुठून येते तेही जरा बघायला हवं, कारण लोक लगेच म्हणतात मराठी माणसाला धंदा जमत नाही, मला हे वाक्य ऐकलं की डोक्यात जातं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप कधी धड संपलाच नाही, वडील नंतर वॉचमन झाले. अशा घरात वाढलेल्या पोराला आई दुसरं काय सांगणार, पर्मनंट नोकरी धर बाबा. पण गंमत बघा, हेच सांगणारी माझी आई संपाच्या आधीपासून खाणावळ चालवत होती, दहा बाय बाराच्या खोलीत, १४ मेंबर, दोन वेळचं जेवण, प्रत्येकाचा हिशोब लाल वहीत, आणि पैसे पगाराच्या दिवशी, म्हणजे महिनाभर पदरचं घालून खाऊ घालायचं आणि मग वसूल करायचं. याला आजकाल वर्किंग कॅपिटल म्हणतात. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या, त्यांनाच बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तरी आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही की आई धंदा करते. आई डबे करते, एवढंच.

त्या लाल वहीतूनच मला सगळ्यात मोठा धडा मिळाला. आईचे १४ पैकी ११ मेंबर एकाच गिरणीतले होते. संप झाला तसे ते कोकणात गावी गेले, वहीत नावं तशीच राहिली, काहींनी वर्षांनी येऊन पैसे दिले, बाकीच्यांचे गेले. आणि विचार केला तर पगारदार माणसाचा तर एकच मेंबर असतो की, कंपनी. तो उठला की सगळं बंद. आपण त्याला सुरक्षित म्हणतो. म्हणून मी आजही एका सोसायटीचं किंवा एका बिल्डरचं काम माझ्या वर्षाच्या धंद्याच्या पाव हिश्श्यावर जाऊ देत नाही, एकदा एका बिल्डरनं २२ बिल्डिंगा एकदम देतो म्हटलं तर निम्म्याच घेतल्या, माझा मेव्हणा अजून शिव्या घालतो त्यावरून.

दुसरी सवय, पैसे मागायची. ही सगळ्यात अवघड, निदान मला गेली. काम करायला आपल्याला लाज नसते, पैसे मागायला असते. मी नोकरीत असताना रविवारी कामं घ्यायचो, पहिलं काम चेंबूरच्या एका जुन्या सोसायटीचं, गच्चीवरच्या दोन टाक्या आणि खालची एक, ९,५०० रुपये ठरले. आदल्या दिवशी नोटीस लावली, सकाळी पालिकेचं पाणी यायच्या आत टाक्या रिकाम्या, गाळ उपसला, घासल्या, क्लोरीन मारलं, दुपारी दोनला पाणी चालू. सगळे खूश. आणि मग सुरू झाला खरा खेळ. सेक्रेटरी काका बनियनवर दार उघडायचे, या या, चहा घ्या, चेकवर खजिनदाराची सही राहिलीय, परवा या. परवा गेलो तर खजिनदार नाशिकला. पुढच्या शनिवारी गेलो तर काकांची पूजा. मी दर वेळी हो हो काका, काही घाई नाही म्हणून परत, आणि जिना उतरताना स्वतःलाच शिव्या, घाई नाही कशी, पोरांना मजुरी मी खिशातून दिलीय!

पाचव्या खेपेला मी चहा घेतला नाही. दारातच म्हटलं, काका, आज चेक घेऊनच जाणार, मी खाली ऑफिसात बसतो, सह्या झाल्या की हाक मारा. आवाज चढवला नाही, हसूनच बोललो, पण पाय कापत होते खरंच. पावणेदोन तास बसलो त्या ऑफिसात, कॅरमच्या सोंगट्या मोजत. चेक आला. आणि मजा म्हणजे काका जराही रागावले नव्हते, त्याच सोसायटीनं सहा महिन्यांनी परत बोलावलं. मला जो वाईटपणा वाटत होता तो फक्त माझ्याच डोक्यात होता. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, बाकीचे टाकीत पाणी चालू व्हायच्या दिवशी, आणि हे कोटेशनच्या पहिल्या पानावर, शेवटच्या नाही.

तर तुम्हीही नोकरीत असताना काहीतरी विका, ज्याचे पैसे तुम्हाला स्वतः मागायला लागतील. दिवाळीचा फराळ विका, ट्यूशन घ्या, कोणाचे अकाउंट्स लिहा, काय ते तुम्ही ठरवा, पण ओळखीच्यांना फुकट देऊ नका, फुकटात सगळेच वा वा करतात. दहा अनोळखी लोकांकडून पैसे घेऊन दाखवा, मग पुढचं बोलू. हे काही मी शोधलेलं नाही, किर्लोस्कर कंपनी काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतच व्हीजेटीआय या टेक्निकल कॉलेजात मास्तर होते, नोकरीत असतानाच इथून बेळगावला भावाकडे सायकली पाठवायचे आणि भाऊ त्या विकायचा. मग प्रमोशन डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडून बेळगावला गेले, पण जाताना तिकडे दुकान आधीच उभं होतं. पुढे लोखंडी नांगर काढला तर शेतकरी म्हणायला लागले लोखंडानं जमीन नासते, तेही त्यांनी सोसलं. राग आला म्हणून राजीनामा फेकला एवढीच गोष्ट लोक सांगतात, सायकलींची सांगत नाहीत.

एक मात्र आहे, तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाचा, बऱ्याच कंपन्यांत दुसरं काम करायला बंदी असते, असेल तर परवानगी मागा नाहीतर घरच्या कोणाला तरी खरोखर धंदा करू द्या आणि तुम्ही शिका. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचे कस्टमर, याला हात लावू नका.

आता कागदांचं, पटापट सांगतो. डोकं शांत राहायला हेच उपयोगी पडतं, मोटिव्हेशनच्या व्हिडिओंपेक्षा कितीतरी जास्त. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या पैशांना, साधारण ५ वर्षं लागतात, सव्वाचार वर्षं झाली असतील तर गप्प बसा आणि पूर्ण करा. माझ्या वेळी हिशोब सोपा होता, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं, माझं बेसिक २६,००० होतं, ११ वर्षांचे १,६५,००० मिळाले. पीएफला हात लावू नका, ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स बसतो तो वेगळाच. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा नोकरीत असतानाच काढा, आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, ते घड्याळ जितक्या लवकर चालू होईल तितकं बरं. लोन, क्रेडिट कार्ड, भाड्याचं घर बदलायचं असेल तर तेही पगाराच्या स्लिपा आहेत तोवर, नंतर बँक तुमच्याकडे दोनतीन वर्षांचे रिटर्न मागणार आणि तुमच्याकडे नसणार. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी ऑनलाइन आहे, पूर्ण फुकट आहे, दोन हजार मागणारा एजंट भेटला तर चहा पाजून परत पाठवा. सेवेच्या धंद्यात वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नंबर सक्तीचा नसतो. उद्यम असलेल्याचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे अडकवता येत नाहीत, व्याजही मागता येतं असा कायदा आहे, पण मी तो कधी कोणावर चालवला नाही, पुढच्या सहा महिन्यांनी त्याच टाकीत उतरायचं असतं ना.

पैसे किती साठवायचे हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. माझं म्हणणं, घरखर्चाचा एक वर्षाचा आकडा, हप्ता, फी, मेंटेनन्स सगळं धरून, आणि धंद्याचे पैसे वेगळे. सहा महिन्यांचे पुरतात म्हणणारे बहुतेक बिनलग्नाचे असतात. आणि दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा, किती बुडाले की थांबायचं. मी कागदावर लिहून बायकोची सही घेतली होती, साडेतीन लाख गेले किंवा १८ महिने झाले, जे आधी होईल त्या दिवशी परत नोकरी शोधायची, नाक न मुरडता. आकडा लिहिला आणि सासऱ्यांचा विरोध निम्मा झाला. लोकांना धंद्याची भीती नसते हो, कुठे थांबणार ते माहीत नसतं त्याची असते.

एका गोष्टीची मात्र काही तयारी होत नाही, ती म्हणजे मुंबईत कोणीही भेटलं की दुसरं वाक्य असतं, कुठे असता? म्हणजे कुठल्या कंपनीत. ११ वर्षं तोंडातून नाव निघायचं, समोरचा मान हलवायचा. आता काय सांगू, टाक्या धुतो? एका लग्नात मी चक्क जुन्या कंपनीचं नाव सांगितलं होतं, सोडून चार महिने झाल्यावर, आणि बायको बाजूलाच उभी. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ८:१७ च्या फास्टमधला ग्रुप पण सुटतो, पहिले काही आठवडे मी कारण नसताना ती गाडी पकडून दादरपर्यंत जाऊन यायचो. सुटतो म्हणजे सुटतो, त्यावर उपाय मला सापडलेला नाही, कोणाला सापडला तर सांगा.

राजीनामा दिला मार्चअखेर, बोनस घेऊन, नोटीस पीरियड पूर्ण करून, रिलीव्हिंग लेटर हातात घेऊन, कारण पावसाच्या आधी मे महिन्यात टाक्यांची कामं धो धो येतात. शेवटचा पगार ३१ मेला जमा झाला. १ जुलैला सकाळी मुलुंडला काम होतं, खालची टाकी, दोन्ही झाकणं उघडून हवा खेळवली, पंप लावला, आणि सवयीनं मोबाईल बघितला, बँकेचा मेसेज नव्हता. अर्थातच नव्हता. परत बघितला. पोरगा आतून ओरडला, दादा बॅटरी द्या, अंधार आहे. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वॉचमनकडे दिला आणि उतरलो खाली.