कोरणीला मूठ बसवणे आणि टोक तयार करणे

दागिन्यांवर हाताने नक्षी कोरणाऱ्याला नवी कोरणी बहुधा मुठीविना आणि गरजेपेक्षा लांब मिळते. तिला लगेच धार लावायला बसू नये. कोरणी हातातून निसटते तेव्हा नवशिक्या धारेला किंवा स्वतःच्या हाताला दोष देतो, पण माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळा दोष लांबीचा असतो. म्हणून आधी लांबी, मग मूठ आणि शेवटी धार हाच क्रम ठेवावा.

मुठीचा गोल माथा तळहाताच्या खळग्यात टेकवून कोरणी तिच्या शेजारी धरावी. अंगठ्याच्या पुढे टोक साधारण दीड ते दोन सेंटिमीटर दिसले पाहिजे, त्याहून जास्त लांबी ठेवल्यास टोक डुलते आणि कमी ठेवल्यास बोटे पत्र्याला घासतात. मुठीच्या आत किती भाग जाणार हे धरूनच खूण करावी. जादा लांबी नेहमी मुठीकडच्या टोकातून काढावी. तेथे ग्राइंडरने दोन्ही बाजूंना खाच पाडून कोरणी व्हाइसमध्ये आवळावी, वर जाड फडके टाकावे आणि हातोडीचा हलका ठोका देऊन तुकडा मोडावा. कडक पोलाद काचेप्रमाणे उडते, त्यामुळे फडके असले तरी डोळ्यांवर चष्मा हवाच.

मोडलेले टोक निमुळते घासून घ्यावे. मुठीला त्याहून किंचित लहान छिद्र पाडावे, कोरणी व्हाइसच्या मऊ जबड्यांत उभी आवळावी आणि लाकडी हातोडीने मूठ सरळ खाली बसवावी. मुठीची एक बाजू चपटी तासलेली असते. ती बाजू आणि कोरणीचे पोट, म्हणजे कोरताना पत्र्याकडे राहणारी खालची बाजू, एकाच दिशेला आले पाहिजे, नाहीतर हत्यार पत्र्यालगत झुकवता येत नाही.

आता टोक. चौकोनी कोरणीचे तोंड, म्हणजे टोकाचा पुढचा तिरका सपाट भाग, पूर्ण जाडीचे ठेवले तर दर वेळी तेवढे सगळे पोलाद साणेवर घासावे लागते, म्हणून टोकाजवळचा वरचा भाग आधी ग्राइंडरवर उतरवून घ्यावा. या वेळी कोरणी वारंवार पाण्यात बुडवावी. कार्बन पोलादावर निळी झाक आली की तेथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे आणि तो भाग घासून काढून टाकावा. हायस्पीड स्टील त्या मानाने जास्त उष्णता सोसते.

सोने, चांदी आणि तांबे यांसाठी तोंडाचा कोन सुमारे ४५ अंश पुरतो. कठीण धातूंसाठी तो ५० ते ६० अंशांपर्यंत वाढवावा, म्हणजे टोक लवकर मोडत नाही. सुरुवातीला कोन धरणारा साचा वापरण्यात कमीपणा मानू नये. साणेवर तेलाचा थेंब टाकून, किंवा ६०० आणि मग १२०० ग्रिटच्या डायमंड प्लेटवर, तोंड सपाट घासावे. ते खरोखर सपाट झाले का, हे भिंगाखाली चरे पाहून कळते: सगळे चरे एकमेकांना समांतर आणि कडेपासून कडेपर्यंत दिसले तर सपाट, आणि मधेच वेगळ्या दिशेचे चरे दिसले तर हात डुलल्यामुळे तोंड गोलावले आहे. घासण्याआधी तोंडावर मार्करची शाई लावली तर साण कुठे लागते आणि कुठे नाही हे आणखी लवकर समजते.

यानंतर पोटाकडच्या दोन्ही कडांना १५ ते २० अंशांची टाच, म्हणजे टोकाखालचा छोटा उतार, काढावी. पुष्कळ जण इथेच घाई करतात. टाच नसेल तर टोक धातूत खोल रुतत जाते; ती लांब झाली तर वळणावर कोरलेल्या रेषेची कड ओरबाडते. त्यामुळे तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवावी आणि दोन्ही बाजू सारख्याच असाव्यात, कारण एक बाजू मोठी राहिली की सरळ रेषाही तिकडे ओढली जाते. पाटलीवर झळकणारी रेघ हवी असेल तर टाच ४/० च्या पॉलिश पेपरवर आरशासारखी करावी. तिच्यावरचे चरे जसेच्या तसे सोन्यात उमटतात. शेवटी तोंड साणेवर एकदा हलक्या हाताने फिरवून बारीक बूर, म्हणजे घासताना कडेला राहिलेली धातूची कोर, काढावी.

पारख सोपी आहे. कोरणी अंगठ्याच्या नखावर भार न देता तिरकी टेकवावी. ती पकडली तर धार आहे, घसरली तर नाही. भिंगाखाली टोकावर पांढरा ठिपका चमकला तर ते मोडलेले आहे. मग पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मिळणाऱ्या तांब्याच्या तुकड्यावर काही रेषा आणि वळणे काढून पाहावीत. तांबे मऊ पण चिवट असल्यामुळे टोकाला तेल लावून कोरावे. टोक मोडले तर बहुधा फक्त तोंड पुन्हा घासावे लागते, आणि टाच संपली तरच ती नव्याने काढावी.

पुण्याच्या पावसाळ्यात कार्बन पोलादावर गंज लवकर धरतो, म्हणून काम संपल्यावर तेलाचे बोट फिरवून टोक बुचात खुपसून ठेवावे.