रेकमेंडेशन अल्गोरिदम लिहायला घेताय? आधी शून्याकडे बघा

मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन (कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधायची एक पद्धत) तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. यूजरचा एक वेक्टर (आकड्यांची यादी), आयटमचा एक, दोघांचा डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) म्हणजे अंदाजे रेटिंग. पायथनमध्ये हे एका संध्याकाळी जमतं. एमएलपॅकसारख्या ओपन सोर्स, म्हणजे कोणीही कोड पाठवू शकेल अशा, सी प्लस प्लस मशीन लर्निंग लायब्ररीत तेच बसवायला घेतलं की मात्र घाम फुटतो. मी कलाभवनात होते (बाहेरगावच्यांसाठी: एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढलं, बडोद्यात अजून तेच नाव तोंडात आहे). वर्गात या वाटेला गेलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न होता.

रीडमीतली (प्रोजेक्टच्या माहितीपत्रातली) स्पेलिंग सुधारून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्यांचा, आकडा फुगवू नका. त्याने काही येत नाही, आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंगचं (सगळ्यांच्या रेटिंगवरून एकाची आवड ओळखण्याचं) फोल्डर उघडा आणि डॉक्युमेंटेशनच्या आधी टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, वाचा. 'एका तासात नेटफ्लिक्स बनवा' छापाचे व्हिडिओ तर बघूच नका. त्यात डेटा आधीच धुऊन पुसून ठेवलेला असतो, आणि आपलं घोडं नेमकं तिथेच अडतं.

माझं कुठे अडलं ते जरा सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

रेटिंग मॉडेलला देण्याआधी त्यातून सरासरी वजा करतात. कोणी हात सैल सोडून मार्क देतो, कोणी कंजूष असतो, तो फरक काढायला. समजा एकाने तीन सिनेमांना ३, ४, ५ दिले. सरासरी ४. वजा केल्यावर उरतं -१, ०, १. आता हे जातं आर्माडिलोच्या (एमएलपॅक गणितासाठी वापरते ती लायब्ररी) स्पार्स मॅट्रिक्समध्ये, म्हणजे बहुतेक घरं रिकामी असलेल्या तक्त्यात, आणि ते शून्य साठवतच नाही. त्याच्या लेखी शून्य म्हणजे इथे काही नाही. मधलं रेटिंग गायब! या माणसाने तो सिनेमा पाहिलाच नाही, असा मॉडेलचा समज होतो. आणि एखादा यूजर दांडिया बाजारातल्या आमच्या आत्यासारखा असेल, लग्नातल्या प्रत्येक पदार्थाला 'छान झालंय' म्हणणारा, सगळ्यांना ४ देणारा, तर त्याचा अख्खा कॉलमच रिकामा. सर्वात जास्त खूश असलेला माणूस यादीतून बाद.

हे लवकर सापडत का नाही? कारण टेस्टमध्ये आपण रँडम दशांश आकडे घालतो. ते बरोबर सरासरीवर पडणं जवळपास अशक्य. मूव्हीलेन्स १००के या सिनेमांच्या रेटिंगच्या डेटावर चालवून बघितलं तरी फसगत होते. त्यात ९४३ यूजर, १६८२ सिनेमे आणि एक लाख रेटिंग आहेत; एकूण सरासरी साधारण ३.५३. १ ते ५ मधल्या कुठल्याही पूर्णांकातून ३.५३ वजा करा, शून्य येणारच नाही. सगळं सुरळीत. मग तुम्ही एकूण सरासरीऐवजी यूजरची सरासरी घेता आणि गळती लागते. प्रोग्राम पडत नाही, एरर येत नाही, आरएमएसई (अंदाज किती चुकतो त्याचं माप) जरासा हलतो आणि आपण लर्निंग रेटला (मॉडेल शिकताना किती मोठी पावलं टाकतं तो आकडा) शिव्या घालत बसतो.

तोडगा एमएलपॅकच्या कोडमध्येच आहे: वजाबाकी शून्य आली की तिथे फ्लोटमधली (संगणकातल्या दशांश आकड्यांतली) अगदी सूक्ष्म धन संख्या ठेवायची. बघायला जुगाड वाटतो, पण काढायला जाऊ नका. नवीन नॉर्मलायझेशन (असं सरासरी वजा करणं) लिहीत असाल तर पहिली टेस्ट हीच लिहा: सगळ्यांना ४ देणारा एक यूजर घ्या, आणि नंतर मॅट्रिक्समधल्या नोंदी मोजा. रेटिंग जितकी, नोंदी तितक्याच हव्यात.

हू, कोरेन आणि वोलिन्स्की यांचा २००८ चा इंप्लिसिट फीडबॅकचा (रेटिंग न देता, नुसतं काय पाहिलं त्यावरून आवड ओळखण्याचा) पेपर याच सुमाराला हातात घेऊ नका. तिथे रिकाम्या घरालाही अर्थ आहे: पसंती शून्य, पण त्यावर भरवसा कमी. दोन्ही एकदम वाचलं की डोक्याचा भुगा होतो.

मेंटरबद्दल माझं मत जरा तिखट आहे. आमचे एक सीनियर दादा होते. कोड पाठवला की रात्रीतून दुरुस्त करून परत पाठवायचे. फार भला माणूस. त्यांच्याकडून मी काहीही शिकले नाही. शून्याचं प्रकरण उलगडलं ते पुल रिक्वेस्टवर एका मेंटेनरने (लायब्ररीचा कोड सांभाळणाऱ्याने) एकच ओळ लिहिली तेव्हा: 'इथे रेटिंग शून्य झालं तर?' उत्तर दिलंच नाही त्यांनी. राग आला होता, खरं सांगते.

बाकी फार घाबरू नका. सी प्लस प्लसचे टेम्प्लेट सुरुवातीला कोणालाच कळत नाहीत. पायथनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा की इथे एक कॉलम म्हणजे एक नोंद, रो नव्हे. लॅपटॉपमध्ये रॅम कमी असेल तर कंपाइल करताना एका वेळी एकच जॉब चालवा, नाहीतर मशीन गोठतं. तेवढ्यात सूरसागर तलावाला एक चक्कर मारून या. पाठवलेला कोड तपासून मिळायला (रिव्ह्यूला) उशीर लागतो. मेंटेनर बहुतेक नोकरी सांभाळून हे करतात, म्हणून आठवडाभर थांबा आणि मग एकच साधी कॉमेंट टाका, रोज नको.