बाल्साचं ग्लायडर आणि मोदकपात्र

बाल्सा या हलक्या लाकडाचं ग्लायडर. पंखांची लांबी ४५ सेंमी, रुंदी ८ सेंमी. रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत पहिल्यांदा सोडलं तेव्हा नाक वर, क्षणभर थबकलं, धपकन खाली. पुन्हा नाक वर. आधी दोष वाऱ्याला दिला. दुपारचा खारा वारा असतोच तसा द्वाड! मग पहाटे गेलो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पडत आलेला असताना. तरी तेच.

घरी येऊन पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहिला. पुढच्या कडेपासून ४ सेंमीवर, म्हणजे ऐन मध्यावर. तो असायला हवा रुंदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शावर. नाकाला शाडूची चिमूट चिमूट लावत तोल अडीच सेंमीवर आणला. उड्या थांबल्या.

पण आता दर वेळी डावीकडे गिरकी! शेपटीवरचं सुकाण सरळ होतं. समोरून एक डोळा मिटून पाहिलं तर डाव्या पंखाची मागची कड टोकाशी दोनेक मिमी वर वळलेली, म्हणून तो पंख कमी उचलला जायचा. आमच्याकडची दमट हवा, दुसरं काय. बाल्सा पाणी पितो.

आईचं मोदकपात्र मागितलं. ‘त्यात काय शिजवतोस?’ म्हणाली. वाफेवर पंख धरला, उलट पीळ दिला, गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला. दोनदा करावं लागलं. मग लगेच लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचा पातळ हात, नाहीतर पीळ परत येतो.

दुसऱ्या पहाटे सुरूच्या बनाकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून हलकेच सोडलं. सरळ गेलं, वाळूवर पोटानं घसरलं.

मोदकपात्र घासून दिलंय.