पहिली कमेंट येण्यासाठी : मेंबरशिप कम्युनिटीत पोस्ट लिहिताना

जलरंग शिकणाऱ्यांच्या एका सशुल्क ऑनलाइन कम्युनिटीचं काम मी हातात घेतलं, तेव्हा माझी पहिली पोस्ट अशी होती : "जलरंगात तुम्हाला सर्वांत अवघड काय वाटतं? कमेंटमध्ये नक्की सांगा!" दिवसभरात दोन बदाम आले. कमेंट एकही नाही.

लोकांना रसच नाही, असा निष्कर्ष मी काढला. तो साफ चुकीचा होता. या कामात नव्याने येणारे बरेच जण तोच काढतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. तो प्रश्न पुन्हा वाचून बघा. उत्तर द्यायचं तर आपल्याला काय काय जमत नाही ते आधी आठवायचं, त्यातलं सर्वांत अवघड निवडायचं, ते शब्दांत बसवायचं आणि वर अनोळखी माणसांसमोर कबूल करायचं. हातात फोन आणि दोन मिनिटांची उसंत असलेला माणूस एवढा खटाटोप करत नाही. तो बदाम देतो आणि पुढे जातो.

पंधरा दिवसांनी तोच विषय वेगळ्या तऱ्हेने मांडला. माझ्या वहीतल्या एका आकाशाचा फोटो लावला. रंग अर्धवट वाळला असताना ब्रशमधून जास्तीचं पाणी उतरलं होतं आणि निळ्याच्या मधोमध फुलकोबीसारख्या कडांचा डाग उमटला होता. खाली लिहिलं : "काल हे असं झालं. तुमच्या वहीत असं बिघडलेलं आकाश असेल तर फोटो टाका. दुरुस्त करायचं नाही, फक्त दाखवायचं." संध्याकाळपर्यंत फोटोंची रांग लागली. एकीने तो डागच ढग म्हणून ठेवून दिला होता. एकाने विचारलं, पातळ कागद पाण्याने फुगतो आणि खळग्यात पाणी साचतं, त्यामुळे हे होतं का? मग ३०० जीएसएमचा जाड कागद घ्यावा की आहे तोच कागद ताणून चिकटवावा, यावर मंडळी आपापसात बोलायला लागली. मी मध्ये नव्हतेच. या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण तोच.

विषय तोच, माणसंही तीच. बदललं ते एवढंच की उत्तर फोटोएवढं लहान झालं आणि बिघडलेलं काम दाखवण्याची सुरुवात मी केली.

तेव्हापासून पोस्ट टाकण्याआधी सभासदाच्या जागी बसून मीच तिला उत्तर लिहून बघते. मिनिटभरात जमलं नाही, तर प्रश्न जड आहे. मग तो छाटते. "तुमचा चित्रकलेचा प्रवास सांगा" याच्या जागी "तुमचा सर्वांत जास्त झिजलेला ब्रश कोणत्या नंबरचा?" असं विचारते. प्रवास बहुतेक वेळा त्या ब्रशच्या मागोमाग येतोच.

आता न बोलणाऱ्यांविषयी. वेबवरच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली एक ढोबळ प्रमाण मांडलं : ऑनलाइन गटांत साधारण ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या १ टक्क्याकडून येतो. प्रत्येक गटाला हे तंतोतंत लागू पडत नाही, पण नव्या माणसाने ते मनाशी ठेवावं. मी ठेवलं नव्हतं. एकदा वैतागून "सगळे गप्प का?" असं लिहिलं, तर नेहमी बोलणारेही आठवडाभर बोलले नाहीत. गप्प बसणं हा सभासदाचा हक्क आहे. त्याला जाब विचारू नये.

गर्दीला उद्देशून विचारलेला प्रश्न कुणाचाच नसतो, हेही हळूहळू कळलं. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंटरकॉमवर कुणाला तरी झटका आल्याचं ऐकू येत होतं. आपल्याशिवाय आणखी माणसं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, ते मदतीला कमी प्रमाणात आणि उशिरा उठले. आपला प्रश्न इतका गंभीर नसतो, पण "कुणीतरी देईल उत्तर" ही भावना तशीच काम करते. म्हणून मी एक-दोघांना नाव घेऊन विचारते, आणि त्यांनाच का, तेही सांगते : "तुम्ही मागे पावसाळी रस्ता रंगवला होता, त्यातली ओली चमक कशी साधली?" मात्र आधी खासगी निरोप पाठवून विचारायचं. न विचारता नाव घेतलेलं बुजऱ्या माणसाला फार लागतं.

पोस्ट टाकून निघून जाऊ नका. पहिला तासभर तिथेच थांबा. कुणी चित्र टाकलं की "मस्त!" लिहायचा मोह होतो, पण त्याला धन्यवादापलीकडे उत्तर देता येत नाही, संभाषण तिथेच संपतं. "झाडामागची सावली जांभळी का घेतलीत?" असं विचारलं तर तो माणूस परत येतो, आणि वाचणारा तिसराही शिकतो.

पोल सोपे असतात, अधूनमधून जरूर घ्या, पण शेवटी "का?" विचारायला विसरू नका. आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचा एव्हरीवन टॅग, म्हणजे सगळ्या सभासदांना एकदम सूचना पाठवणारा, खरोखर सर्वांचं काम असेल तेव्हाच वापरा. कंटाळून एकदा नोटिफिकेशन बंद केलेला सभासद ती पुन्हा सुरू करेलच असं नाही.

गेल्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी एका सभासदाचा निरोप आला. वर्षभरात त्यांनी एकही कमेंट केली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, "मंगळवारच्या पोस्टखालची चर्चा मी दर आठवड्याला वहीत उतरवून घेते." तो निरोप मी कितीदा तरी वाचला. तेव्हापासून दर शुक्रवारी मी त्या आठवड्यातली चांगली उत्तरं, ज्याची त्याच्या नावासह, एका पोस्टमध्ये एकत्र लावते. त्या पोस्टला प्रश्न नसतो.