सत्राच्या मध्येच महाविद्यालय सोडताय? या चुका टाळा

तालुक्याच्या महाविद्यालयात कार्यालयीन काम पाहताना एक गोष्ट मी दर वर्षी अनुभवतो. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की बाक रिकामे होऊ लागतात, पाठोपाठ कापसाची वेचणी येते, आणि दिवाळीची सुटी संपली तरी काही मुले परतत नाहीत. त्यांनी शिक्षण सोडण्याचा निर्णय घेतलेला असतोच असे नाही; ती नुसती येईनाशी होतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

काही वर्षांपूर्वी बी.एस्सी. प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी असाच गेला. वडील आजारी होते, शेतात मजूर मिळत नव्हते. कारण खरे होते आणि त्याने विचारले असते तर मीच त्याला घरी थांबायला सांगितले असते. पुढच्या जूनमध्ये दुसरीकडे बी.ए.ला प्रवेश घेण्यासाठी तो टी.सी. मागायला आला, तेव्हा आमच्या नोंदीत तो चालू विद्यार्थीच होता. ‘सर, मी तं दिवाळीतच सोडलं होतं,’ असे तो म्हणाला, पण तसे कागदावर कुठेच नव्हते. शिष्यवृत्तीचा अर्ज जुन्या अभ्यासक्रमाच्या नावे तसाच पडून होता आणि परीक्षेचा अर्ज भरलेलाच नसल्याने पहिल्या सत्राचे काहीही हाती नव्हते. हे निस्तरण्यासाठी त्याला गावाहून नऊ खेपा घालाव्या लागल्या आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणून सोडण्याचे कारण व तारीख लिहिलेला एका पानाचा अर्ज दोन प्रतींत आणा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक घालून पोच घ्या, असे मी प्रत्येकाला सांगतो. वर्गशिक्षकांना व्हॉट्सॲपवर निरोप धाडणे म्हणजे अर्ज नव्हे. त्याच वेळी मूळ गुणपत्रिकाही मागून घ्यावी, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार ती अडवून ठेवता येत नाही. शुल्काची आशा मात्र फार धरू नये. त्याच अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के परत मिळतात, त्यानंतर काहीच नाही. दिवाळीनंतर पैशासाठी घाई करण्यात अर्थ उरत नाही तो यामुळेच.

दुसरी चूक भीतीपोटी होते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंग्रजीतले भौतिकशास्त्र पहिल्या चाचणीत जड जाते आणि तो सगळे सत्रच सोडायला निघतो. परदेशी महाविद्यालयांतल्या चित्रफिती पाहून आलेले काही जण ‘एवढा एक विषय काढून टाका’ असेही म्हणतात. आपल्याकडे विषयाची निवड साधारणतः सुरुवातीच्या आठवड्यांतच बदलता येते, पण एका पेपरात नापास झाल्याने सत्र वाया जात नाही. तो पेपर एटीकेटीच्या नियमांत पुन्हा देता येतो आणि उत्तीर्ण विषय तसेच राहतात. एका चाचणीवरून स्वतःचा निकाल लावणाऱ्यांविषयी मला सहानुभूती कमी आणि चीड जास्त आहे. सोडायचे मनात पक्के झाले असले तरी परीक्षेचा अर्ज भरून ठेवावा, असे माझे मत आहे; विलंब शुल्क परवडते, गेलेले सत्र परवडत नाही. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली असेल, तर अर्जाची मुदत संपण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटावे.

बाकीच्या चुका लहान आहेत. निर्णय होण्याआधीच वसतिगृहाची जागा सोडू नये. घरी न सांगता महिनाभर एसटीच्या पासवर तालुक्याला येऊन बसस्थानकावर बसू नये. अशी मुले मी पाहिली आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे वळायचे असेल, तर तिथल्या प्रवेशाची मुदत आधी पाहावी आणि मगच टी.सी.साठी अर्ज करावा.